पोस्टग्रेसमधली ऑपरेटर क्लास बदलायची कशी: नाव, मालक, स्कीमा आणि खरा अवघड बदल

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ऑपरेटर क्लास म्हणजे इंडेक्सला किमतींची तुलना कशी करायची ते सांगणारा नियमांचा संच, आणि ती बदलायची म्हणून ऑल्टर ऑपरेटर क्लास ही कमांड पहिल्यांदा उघडून बघितली की जवळपास प्रत्येकाचा हिरमोड होतो. नाव ऐकून वाटतं की आता क्लासमधला एखादा ऑपरेटर काढता येईल, तुलनेचं फंक्शन बदलता येईल, डीफॉल्टचा शिक्का इकडचा तिकडे करता येईल, आणि प्रत्यक्षात कमांड करते काय तर फक्त तीन गोष्टी: नाव बदलते, मालक बदलते, स्कीमा (डेटाबेसमधला नावांचा कप्पा) बदलते. बस्स. आतल्या मालाला ती हातही लावत नाही. त्यामुळं कमांड शोधायच्या आधी आपल्याला नेमकं काय बदलायचंय ते ठरवा, कारण पुढचा रस्ता त्यावरच ठरतो. नुसतं नाव, मालक किंवा स्कीमा बदलायची असेल तर काम मिनिटाचं आहे. नवीन ऑपरेटर जोडायचे असतील तर ते काम ऑपरेटर फॅमिलीकडं जातं. आणि क्रमवारीचा अर्थच बदलायचा असेल तर सरळ नवीन क्लास, नवीन इंडेक्स आणि मग जुन्याला निरोप, याला दुसरा सुरक्षित शॉर्टकट नाही (एक अर्धा शॉर्टकट आहे, तो पुढे सांगतो).

लेखातल्या कमांड वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत लिहितोय, टाइप करताना कीवर्ड अर्थातच नेहमीसारखे रोमन अक्षरांत. आपण दिलेली नावं मात्र देवनागरीत ठेवली तरी पोस्टग्रेसला चालतात, फक्त नावाची मर्यादा ६३ बाइट आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे काना-मात्रा धरून २१ चिन्हांत नाव बसवायचं.

क्लास काय, फॅमिली काय

इंडेक्सला स्वतःला काही कळत नसतं. बीट्री या किमती क्रमाने लावून ठेवणाऱ्या इंडेक्सला दोन किमती दिल्या तर लहान कुठली, मोठी कुठली हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते सांगायचं काम ऑपरेटर क्लासचं. बीट्रीसाठी क्लासमध्ये पाच ऑपरेटर लागतात आणि प्रत्येकाला ठरलेला स्ट्रॅटेजी नंबर असतो: १ म्हणजे लहान, २ लहान किंवा समान, ३ समान, ४ मोठा किंवा समान, ५ मोठा. सोबत सपोर्ट फंक्शन, त्यातलं १ नंबरचं म्हणजे तुलनेचं फंक्शन सक्तीचं, जे ऋण, शून्य किंवा धन आकडा परत देतं. बाकीची (२ सॉर्ट सपोर्ट, ३ इन-रेंज, ४ इक्वल-इमेज, ५ ऑप्शन्स वगैरे) ऐच्छिक. हॅश इंडेक्समध्ये एकच स्ट्रॅटेजी, समानता, आणि सक्तीचं फंक्शन म्हणजे हॅश काढणारं. जिस्ट, जिन, एसपी-जिस्ट, ब्रिन या बाकीच्या इंडेक्स पद्धतींचे नियम वेगळे आहेत, तिथं स्ट्रॅटेजी नंबरांचा अर्थ बराचसा क्लास स्वतःच ठरवते, त्यामुळं या लेखात मी बीट्रीच धरून चालतो.

फॅमिली ही क्लासच्या वरची पातळी, २००८ च्या ८.३ आवृत्तीपासून आलेली. एकाच अर्थाची क्रमवारी वापरणाऱ्या वेगवेगळ्या टाइपच्या क्लास एका फॅमिलीत राहतात. बिल्ट-इन उदाहरण म्हणजे इंटीजर_ऑप्स, तिच्यात दोन, चार आणि आठ बाइटचे तिन्ही पूर्णांक आहेत आणि त्यांच्यातली आडवीतिडवी तुलनासुद्धा. बिगइंट कॉलमची साध्या इंटीजरशी तुलना केली तरी कास्ट (टाइप बदलून घेणं) न लिहिता इंडेक्स लागतो, तो या फॅमिलीमुळं.

आता महत्त्वाचं: क्रिएट ऑपरेटर क्लास करताना फॅमिलीचं नाव दिलं नाही तर पोस्टग्रेस क्लासच्याच नावाची फॅमिली गुपचूप तयार करतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचे निम्मे गोंधळ इथूनच येतात.

आपलं उदाहरण

रिलीज_यादी नावाच्या टेबलात सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या आवृत्ती या टेक्स्ट कॉलममध्ये आहेत: १.९, १.१०, २.० वगैरे. टेक्स्ट म्हणून लावल्या तर १.१० आधी येते आणि १.९ नंतर, जे कुणालाच नको असतं. म्हणून आवृत्ती_तुलना नावाचं फंक्शन लिहिलं, जे टिंबावर तुकडे करून त्याची पूर्णांकांची ॲरे बनवतं आणि ॲरेंची तुलना करतं, आणि पाठीमागं हायफन लावून बीटा वगैरे काही आलं तर ते सोडून देतं. त्यावर पाच ऑपरेटर: #<#, #<=#, #=#, #>=#, #>#. आणि मग क्लास:

क्रिएट ऑपरेटर क्लास आवृत्ती_क्लास फॉर टाइप टेक्स्ट युजिंग बीट्री ॲज
ऑपरेटर १ #<#, ऑपरेटर २ #<=#, ऑपरेटर ३ #=#, ऑपरेटर ४ #>=#, ऑपरेटर ५ #>#,
फंक्शन १ आवृत्ती_तुलना(टेक्स्ट, टेक्स्ट);

डीफॉल्ट हा शब्द मुद्दाम नाही घातलाय, कारण टेक्स्टला बीट्रीसाठी आधीच डीफॉल्ट क्लास आहे, आणि एका टाइपला एका इंडेक्स पद्धतीत एकच डीफॉल्ट चालते, दुसरी घालायला गेलात तर एरर. इंडेक्स करताना कॉलमच्या नावापुढं आवृत्ती_क्लास असं लिहायचं, की झालं.

ऑपरेटरांच्या मागची फंक्शन्स साध्या एसक्यूएल भाषेत लिहू नका, पीएल/पीजीएसक्यूएल किंवा सी मध्ये लिहा. एसक्यूएल फंक्शन प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) क्वेरीत उलगडून टाकतो आणि मग तिथं ऑपरेटर उरतच नाही, उरतं ते आतलं एक्स्प्रेशन, आणि ते इंडेक्सशी जुळत नाही. क्लास बरोबर, इंडेक्स बरोबर, प्लॅन दाखवणाऱ्या एक्स्प्लेनमध्ये मात्र सीक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे अख्खं टेबल वाचणं, आणि माणूस दोन तास स्टॅटिस्टिक्सला दोष देत बसतो.

पायरी पहिली: बदलायच्या आधी बघून घ्या

१३ आवृत्तीपासून पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसचा कमांड लाइन प्रोग्रॅम) यासाठी चार सोयीच्या कमांड आहेत. बॅकस्लॅश, मग स्मॉल डी, कॅपिटल ए आणि शेवटी स्मॉल सी लिहिलं की क्लासची यादी, शेवटचं अक्षर एफ केलं तर फॅमिली, ओ केलं तर फॅमिलीतले ऑपरेटर, पी केलं तर सपोर्ट फंक्शन्स. पुढं प्लस लावलं तर मालक वगैरे जास्तीची माहिती. पीएसक्यूएल जुनं असेल तर थेट कॅटलॉग, म्हणजे पोस्टग्रेसची स्वतःच्या नोंदींची टेबलं: क्लास पीजी_ऑपक्लासमध्ये, फॅमिली पीजी_ऑपफॅमिलीत, ऑपरेटर पीजी_एएमऑपमध्ये, फंक्शन्स पीजी_एएमप्रॉकमध्ये. पीजी_ऑपक्लास बघितलंत तर कळेल की क्लासच्या ओळीत ऑपरेटरांची यादी नाहीच, तिथं फक्त नाव, पद्धत, स्कीमा, मालक, फॅमिली, टाइप आणि डीफॉल्ट आहे की नाही एवढंच. ऑपरेटर आणि फंक्शन्स फॅमिलीच्या नावावर नोंदलेली असतात. ऑल्टर ऑपरेटर क्लास इतकी तोकडी का आहे त्याचं उत्तर इथंच मिळतं, क्लासच्या ओळीत बदलण्यासारखं आहेच काय.

मग ही क्लास कोण कोण वापरतंय ते शोधा. पीजी_इंडेक्समध्ये इंडक्लास नावाचा कॉलम आहे, त्यात इंडेक्सच्या प्रत्येक कॉलमच्या क्लासचा ओआयडी (आतला ओळख क्रमांक) असतो:

सिलेक्ट इंडेक्सरेलिड::रेगक्लास फ्रॉम पीजी_इंडेक्स
व्हेअर (सिलेक्ट ओआयडी फ्रॉम पीजी_ऑपक्लास व्हेअर ऑपसीनेम = 'आवृत्ती_क्लास') = एनी (इंडक्लास);

एकाच नावाची क्लास दोन स्कीमात किंवा दोन पद्धतींत असू शकते, तसं असेल तर आतली क्वेरी एकापेक्षा जास्त ओळी देईल आणि एरर येईल, मग ऑपसीमेथड आणि ऑपसीनेमस्पेसची अट वाढवा. आणि इंडेक्सवरच थांबू नका. पार्टिशन केलेल्या टेबलांची पार्टिशन-की (कुठली ओळ कुठल्या तुकड्यात जाणार ते ठरवणारी) सुद्धा ऑपरेटर क्लास वापरते, ते पीजी_पार्टिशन्ड_टेबलमधल्या पार्टक्लास कॉलममध्ये सापडतं. हे बघायला लोक विसरतात आणि याचाच फटका सगळ्यात मोठा असतो, पुढं येईलच.

पायरी दुसरी: नाव, मालक, स्कीमा

ऑल्टर ऑपरेटर क्लास आवृत्ती_क्लास युजिंग बीट्री रिनेम टू सॉफ्टवेअर_क्लास;

युजिंग बीट्री हे सक्तीचं, कारण क्लासची ओळख नाव अधिक पद्धत अशी असते. ही कमांड क्लासच्या मालकालाच चालते. नाव बदलल्यावर इंडेक्स पुन्हा बांधावे लागत नाहीत, इंडेक्स क्लासला ओआयडीने ओळखतो, नावाने नाही. इंडेक्सची व्याख्या दाखवणारं पीजी_गेट_इंडेक्सडेफ लगेच नवीन नाव दाखवायला लागतं, बॅकअप काढणाऱ्या पीजी_डंपमध्येही नवीनच नाव जातं. फुटतात त्या आपल्या मायग्रेशनच्या जुन्या फायली, ज्यात क्रिएट इंडेक्सच्या ओळीत जुनं नाव ठोकून लिहिलंय आणि ज्या टेस्ट डेटाबेस नव्याने उभा करताना पहिल्यापासून पळतात. तसं बघायला गेलं तर त्या क्रमाने पळाल्या तर काही होत नाही, आधी जुन्या नावाने क्लास, मग इंडेक्स, मग रिनेम. पण कुणी मधली फाइल एकटी उचलून चालवली की अडलं.

आणि फॅमिली? तिचं नाव अजून आवृत्ती_क्लासच आहे. गुपचूप तयार झाली होती ना, ती गुपचूप बदलत नाही. तिला वेगळी कमांड:

ऑल्टर ऑपरेटर फॅमिली आवृत्ती_क्लास युजिंग बीट्री रिनेम टू सॉफ्टवेअर_क्लास;

स्कीमा बदलतानाही अगदी हेच. सेट स्कीमा केलं की क्लास नवीन स्कीमात जाते, फॅमिली जुन्या स्कीमात राहते, ऑपरेटर आणि फंक्शन्सही जिथल्या तिथंच. इंडेक्स चालू राहतात म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, आणि सहा महिन्यांनी कुणीतरी जुनी स्कीमा ड्रॉप करायला जातं आणि त्याला अवलंबून असलेल्या गोष्टींची लांबलचक यादी तोंडावर येते. यादी बघून थांबला तर ठीक, कास्केड (अवलंबून असलेलंही सगळं काढ) लावलं तर इंडेक्सही गेले. त्यामुळं हलवायचंच असेल तर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये सगळा संसार हलवा: फंक्शन्स, ऑपरेटर, फॅमिली, क्लास. पोस्टग्रेसमध्ये हे सगळं डीडीएल (रचना बदलणाऱ्या कमांड) ट्रान्झॅक्शनमध्ये बसतं, बिगिन करून पळवा, बघा, नाही पटलं तर रोलबॅक. नवीन स्कीमावर क्रिएटची परवानगी हवी. आणि ऑपरेटर नवीन स्कीमात गेले की ती स्कीमा सर्च पाथमध्ये (नावं कुठल्या स्कीमांत शोधायची ती यादी) असली पाहिजे, नाहीतर #>=# लिहिलेल्या सगळ्या क्वेरी ऑपरेटर सापडत नाही म्हणून ओरडतील.

मालक बदलायची वेळ बहुतेक वेळा एखादा रोल काढायचाय आणि ड्रॉप रोल नाही म्हणतोय अशा प्रसंगी येते. ओनर टू लिहून नवा रोल द्यायचा, तुम्हाला त्या रोलमध्ये सेट रोलने जाता आलं पाहिजे, आणि त्या रोलला क्लासच्या स्कीमावर क्रिएट हवं. सुपरयूजरला या अटी नाहीत. एक गोष्ट मात्र डोक्यात असू द्या: क्लासच्या मालकापेक्षा आतल्या फंक्शनचा मालक जास्त महत्त्वाचा. इंडेक्स यंत्रणा फंक्शन वापरताना परवानगी तपासत नाही, म्हणजे क्लासमध्ये घातलेलं फंक्शन सगळ्या जगाला चालवायला दिल्यासारखंच आहे, आणि ज्याच्याकडं त्या फंक्शनची मालकी तो ते कधीही बदलू शकतो. क्लासची मालकी सांभाळून ठेवली आणि फंक्शन कुणा ॲप्लिकेशन यूजरच्या नावावर, याला अर्थ नाही.

क्लास एखाद्या एक्स्टेन्शनसोबत आलेली असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. पीजी_डंप एक्स्टेन्शनसाठी फक्त क्रिएट एक्स्टेन्शन एवढीच ओळ लिहितं, तुम्ही केलेला बदल डंपमध्ये जातच नाही, रीस्टोअर केलं की जुनं नाव परत हजर.

पायरी तिसरी: फॅमिलीत भर घालणं

आता समजा लोकांना आवृत्तीची तुलना थेट ॲरेशी करायचीय, म्हणजे कॉलम #>=# ॲरे[२,०] असं. त्यासाठी टेक्स्ट आणि इंटीजर ॲरे यांच्यातले ऑपरेटर आधी तयार करायचे (नाव तेच ठेवता येतं, टाइप वेगळे आहेत) आणि मग फॅमिलीत घालायचे:

ऑल्टर ऑपरेटर फॅमिली सॉफ्टवेअर_क्लास युजिंग बीट्री ॲड
ऑपरेटर १ #<# (टेक्स्ट, इंटीजर[]),
ऑपरेटर २ #<=# (टेक्स्ट, इंटीजर[]),
ऑपरेटर ३ #=# (टेक्स्ट, इंटीजर[]),
ऑपरेटर ४ #>=# (टेक्स्ट, इंटीजर[]),
ऑपरेटर ५ #># (टेक्स्ट, इंटीजर[]),
फंक्शन १ आवृत्ती_ॲरे_तुलना(टेक्स्ट, इंटीजर[]);

इथं टाइप लिहावेच लागतात, क्रिएट ऑपरेटर क्लाससारखं गृहीत धरलं जात नाही. ही कमांड सुपरयूजरलाच चालते, क्रिएट ऑपरेटर क्लासही तशीच, कारण चुकीची व्याख्या सर्व्हरला गोंधळात टाकू शकते, पाडूही शकते. क्लाउडवरच्या तयार डेटाबेसमध्ये खरा सुपरयूजर बहुतेकदा मिळत नाही, तेव्हा तिथं हे काम सुरू करायच्या आधी आपल्या रोलला काय काय चालतं ते बघा, नाहीतर सगळं लिहून झाल्यावर पहिल्याच कमांडला अडाल.

अशा रीतीने घातलेले ऑपरेटर कुठल्याही एका क्लासचे नसतात, फॅमिलीत सुटे राहतात. सुटे असल्यामुळं ते केव्हाही काढता येतात. काढताना ऑपरेटरचं नाव द्यायचं नाही, स्ट्रॅटेजी नंबर आणि टाइप एवढंच:

ऑल्टर ऑपरेटर फॅमिली सॉफ्टवेअर_क्लास युजिंग बीट्री ड्रॉप
ऑपरेटर १ (टेक्स्ट, इंटीजर[]), फंक्शन १ (टेक्स्ट, इंटीजर[]);

हीच कमांड टेक्स्ट, टेक्स्ट अशा जोडीवर चालवून बघा, पोस्टग्रेस सरळ नकार देईल की हा ऑपरेटर क्लासला लागतो. क्लाससोबत आलेला सदस्य क्लास आणि तिचे इंडेक्स गेल्याशिवाय जात नाही. इथपर्यंत आलेले बरेच जण मग पीजी_एएमऑपमध्ये हाताने अपडेट मारायचा विचार करतात. नका करू. कॅटलॉगमधली ओळ बदलेल, इंडेक्सच्या पानांवर जो क्रम आधीच लिहिला गेलाय तो नाही बदलणार. ऑपसीडीफॉल्ट हाताने उलटवणं हाही त्याच जातीचा उद्योग. बिल्ट-इन इंटीजर_ऑप्ससारख्या फॅमिलीत आपले सुटे ऑपरेटर घालणंही टाळा, पीजी_डंप सिस्टिमच्या फॅमिली डंप करत नाही.

ॲडची कमांड चालली म्हणजे फॅमिली पूर्ण झाली असं नाही. पोस्टग्रेस या वेळी काहीच तपासत नाही, की लागणारे सगळे ऑपरेटर आहेत का, एकमेकांशी सुसंगत आहेत का. तपासायचं काम आपलं, आणि त्यासाठी ९.६ पासून एएमव्हॅलिडेट आहे:

सिलेक्ट एएमव्हॅलिडेट(ओआयडी) फ्रॉम पीजी_ऑपक्लास व्हेअर ऑपसीनेम = 'सॉफ्टवेअर_क्लास';

वरच्या भरीनंतर हे चालवलंत तर खोटं असं उत्तर येईल आणि सोबत इन्फो पातळीचा मेसेज, की फॅमिलीत क्रॉस-टाइप ऑपरेटर कमी आहेत. बरोबरच आहे त्याचं, आपण टेक्स्ट-ॲरे घातलं पण ॲरे-टेक्स्ट आणि ॲरे-ॲरे कुठाय? दोन टाइप म्हटले की चार जोड्या व्हायला हव्यात. निव्वळ इंडेक्समधून शोधायला टेक्स्ट-ॲरे पुरतं, त्यामुळं ही तक्रार म्हणजे लगेच आभाळ कोसळलं असं नाही, पण मी तरी चारही जोड्या भरून टाकतो. मात्र एक गोष्ट एएमव्हॅलिडेटलाही कळत नाही, ती म्हणजे तुमच्या फंक्शनचं गणित. फंक्शनचे टाइप जुळले, नंबर जुळले की ते खूश. क आणि ख समान, ख आणि ग समान, पण क आणि ग असमान, असं कुठल्याही टाइपच्या जोडीत निघालं तर फॅमिली मोडली, आणि ते उत्तरं चुकायला लागल्यावरच कळतं.

इक्वल-इमेजबद्दल दोन शब्द. १३ आवृत्तीत बीट्रीमध्ये डीडुप्लिकेशन आलं, ज्यात समान किमती एकदाच साठवून जागा वाचवतात, आणि ते चालू व्हायला ४ नंबरचं फंक्शन लागतं. त्यासाठी बीटीइक्वलइमेज नावाचं तयार फंक्शन मिळतं जे नेहमी हो म्हणतं, आणि इंडेक्स लहान होतोय म्हणून ते घालून टाकायचा मोह होतो. आपल्या क्लासमध्ये १.० आणि १.०० समान आहेत पण अक्षरं वेगळी, एकाच्या जागी दुसरं साठवलं तर इंडेक्स-ओन्ली स्कॅन (टेबल न उघडता इंडेक्समधूनच उत्तर देणारा) भलतंच दाखवेल. त्यामुळं इथं ते अजिबात नाही घालायचं. जिथं समान म्हणजे बाइट न बाइट सारखं, तिथंच ते चालतं.

पायरी चौथी: अर्थच बदलायचाय

नवीन मागणी येते: २.०-बीटा ही २.० च्या आधी यायला हवी, समान नको. आवृत्ती_तुलना फंक्शनमध्ये चार ओळींचा बदल. क्रिएट ऑर रिप्लेस फंक्शन, एंटर, पोस्टग्रेस एक शब्द बोलत नाही. आणि इथं इंडेक्स बिघडला.

कसा, ते जवळून बघा. जुन्या नियमाने २.० आणि २.०-बीटा समान होत्या, आणि समान किमती बीट्रीत १२ आवृत्तीपासून टेबलातल्या जागेच्या क्रमाने लागतात. समजा पानावर तीन नोंदी अशा लागल्या: २.०, २.०-बीटा, २.०. आता नवीन फंक्शन घेऊन २.० शोधायला निघालो. शोध मधोमध सुरू होतो, मधली नोंद २.०-बीटा. नवीन फंक्शन म्हणतं ही लहान आहे, उजवीकडं जा. उजवीकडं तिसरी नोंद सापडते. पहिली २.० डावीकडं राहून गेली, तिच्याकडं आता कुणी बघणार नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, दोनच्या जागी एक ओळ आली एवढंच. वर टेबल लहान असेल तर प्लॅनर सीक्वेन्शियल स्कॅन निवडतो आणि दोन्ही ओळी दाखवतो, त्यामुळं डेव्हलपरच्या मशीनवर सगळं ठणठणीत. टेस्ट करताना सेट एनेबल_सीक्यूस्कॅन टू ऑफ करून बघा, मगच खरं रूप दिसतं.

हा प्रकार फक्त घरगुती क्लासचा आहे असंही नाही. २०१८ साली जीलिबसी या लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीने अक्षरांच्या क्रमवारीचे नियम बदलले तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड केलेल्या अनेकांचे टेक्स्टवरचे इंडेक्स असेच बिघडले. पोस्टग्रेसमध्ये कुणी काही बदललं नव्हतं, क्लासच्या पायाखालची तुलना तेवढी हलली.

तर आता दोन रस्ते.

पहिला, तो अर्धा शॉर्टकट, टेबल लहान असेल आणि थोडा वेळ बंद ठेवता येत असेल तर. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये:

बिगिन;
लॉक टेबल रिलीज_यादी इन ॲक्सेस एक्स्क्लुझिव्ह मोड;
क्रिएट ऑर रिप्लेस फंक्शन आवृत्ती_तुलना ... (नवीन बॉडी);
रीइंडेक्स टेबल रिलीज_यादी;
कमिट;

पाचही ऑपरेटरांची फंक्शन्स आवृत्ती_तुलनालाच बोलावत असतील तर तेवढं एकच बदलून भागतं, आणि लिहितानाच तसं लिहावं. ती वेगवेगळी लिहिली असतील तर सगळी त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये बदला, एक जरी जुन्या नियमावर राहिलं तरी क्लास विसंगत. पहिल्या पायरीत काढलेल्या यादीत जेवढी टेबलं आली तेवढी सगळी लॉक आणि सगळ्यांचं रीइंडेक्स. रीइंडेक्स कन्करंटली इथं चालत नाही, ते ट्रान्झॅक्शनमध्ये बसत नाही. उलट बाजूचा बदल असेल, म्हणजे आधी वेगळ्या असलेल्या किमती आता समान होणार असतील, तर युनिक इंडेक्स पुन्हा बांधताना डुप्लिकेट म्हणून फेल होऊ शकतो. घाबरायचं कारण नाही, पूर्ण ट्रान्झॅक्शन मागं येईल, फंक्शनसुद्धा. डुप्लिकेट साफ करा, परत चालवा. पार्टिशन-की त्या क्लासवर असेल तर मात्र हा रस्ता बंद, कारण रीइंडेक्सने ओळी एका पार्टिशनमधून दुसऱ्यात जात नाहीत.

दुसरा रस्ता लांबचा पण चालू सिस्टिमसाठी हाच. जुन्या फंक्शनला हात लावायचाच नाही. आवृत्ती_तुलना_२ लिहा. मग नवीन ऑपरेटर, कारण आधीच्या ऑपरेटरमागचं फंक्शन बदलायची सोय ऑल्टर ऑपरेटरमध्ये नाही. क्वेरीत नवीन चिन्हं लिहायचा कंटाळा असेल तर तीच चिन्हं दुसऱ्या स्कीमात तयार करा आणि ॲप्लिकेशनचा सर्च पाथ बदलताना पलटी मारा, पण मला विचाराल तर वेगळी चिन्हं बरी, क्वेरी वाचताना कुठला नियम लागतोय ते डोळ्यांना दिसतं. मग नवीन क्लास, एएमव्हॅलिडेट, आणि मग:

क्रिएट इंडेक्स कन्करंटली रिलीज_आवृत्ती_२ ऑन रिलीज_यादी (आवृत्ती सॉफ्टवेअर_क्लास_२);

हे मध्येच फसलं तर अर्धवट इंडेक्स इनव्हॅलिड म्हणून मागं राहतो, पीजी_इंडेक्समधल्या इंडइजव्हॅलिडमध्ये खोटं दिसेल, तो ड्रॉप करून पुन्हा. झाला की एक्स्प्लेनने नवीन ऑपरेटरवर हाच इंडेक्स लागतोय ना ते बघा, ॲप्लिकेशन नवीन ऑपरेटरवर न्या, काही दिवस पीजी_स्टॅट_यूजर_इंडेक्सेसमध्ये जुन्या इंडेक्सचे स्कॅन वाढतायत का यावर नजर ठेवा. ऑर्डर बाय विसरू नका, नवीन क्रम हवा असेल तर ऑर्डर बाय आवृत्ती युजिंग आणि पुढं नवीन लहान-चा ऑपरेटर असं लिहावं लागतं, नुसतं ऑर्डर बाय टेक्स्टची डीफॉल्ट क्लासच घेतं.

आणि कुणी आधीच फंक्शन बदलून बसलंय असा संशय असेल तर इंडेक्स तपासणारं ॲमचेक एक्स्टेन्शन टाका आणि बीटी_इंडेक्स_चेक चालवा. दुसरा पॅरामीटर ट्रू दिला तर टेबलातली प्रत्येक ओळ इंडेक्समध्ये आहे का तेही बघतं. बीटी_इंडेक्स_पॅरेंट_चेक जास्त खोलात जातं पण लॉकही मोठा घेतं, दिवसाढवळ्या नको.

पायरी पाचवी: जुनी क्लास काढणं

आधी जुना इंडेक्स, ड्रॉप इंडेक्स कन्करंटली करून. मग:

ड्रॉप ऑपरेटर क्लास सॉफ्टवेअर_क्लास युजिंग बीट्री;

कास्केड लावायचं नाही. काही लिहिलं नाही की रिस्ट्रिक्ट धरलं जातं आणि कुणी अजून अवलंबून असेल तर कमांड थांबते आणि नावानिशी सांगते कोण ते. कास्केड लावलं तर ते इंडेक्स न विचारता जातात, आणि पार्टिशन-की मध्ये ती क्लास असेल तर इंडेक्स नाही, टेबलच अवलंबून असतं, म्हणजे जाणारही टेबलच. हा पहिल्या पायरीत सांगितलेला फटका.

क्लास गेली तरी फॅमिली राहते, रिकामी झाली तरी. ऑपरेटर आणि फंक्शन्सही राहतात. म्हणून पुढं ड्रॉप ऑपरेटर फॅमिली, मग पाच ड्रॉप ऑपरेटर, मग ड्रॉप फंक्शन, याच क्रमाने. फॅमिलीत आणखी एखादी क्लास असेल तर अर्थातच फॅमिली ठेवायची. हे सगळं झाल्यावर नवीन क्लासच्या नावातला तो दोनाचा आकडा खुपत असेल तर आता रिनेम करून घ्या, क्लासचंही आणि फॅमिलीचंही.

लॉजिकल रेप्लिकेशन (ओळींमधले बदल दुसऱ्या सर्व्हरला पाठवणं) असेल तर यातलं काहीच दुसऱ्या बाजूला आपोआप जात नाही, डीडीएल तिकडं हाताने चालवावं लागतं. फिजिकल स्टँडबायला (अख्ख्या सर्व्हरची जशीच्या तशी प्रत) मात्र सगळं डब्ल्यूएएलमधून, म्हणजे बदलांच्या नोंदवहीतून पोचतं, तिथं वेगळं काही करायची गरज नाही.